शैलाचा बोलका काटा

मला शैलाचा हेवा वाटायचा. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला ते हुडकत बसावं लागणार नाही. अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा ते म्हणाले होते, "ताई, परभणीत राहून तुम्ही इतकी वर्षं प्रोग्रॅमिंग केलंत. तरुण मुलींना प्रेरणा मिळेल असं काहीतरी लिहा." प्रेरणा देण्यासारखं माझ्याकडं फारसं नाही. हेवा आहे, आणि तो इतकी वर्षं बरणीत राहून चांगला मुरलाय.

आमचं ऑफिस वसमत रोडला, एका खताच्या दुकानाच्या माडीवर होतं. जिना चढताना युरियाचा वास यायचा आणि वर आलं की कॉम्प्युटरच्या पंख्यांचा. भालेराव सरांनी हे ऑफिस काढलं तेव्हा पुण्याकडचे पाहुणे हसले होते. परभणीत सॉफ्टवेअर म्हणजे सातबारे टाइप करत असतील, असं त्यांना वाटायचं. आम्ही कापसातली सरकी काढणारी जिनिंग, डाळ मिल, गोदामं, बियाण्याचे कारखाने यांच्यासाठी वजनाचे आणि हिशेबाचे प्रोग्रॅम लिहायचो. कापसाचा हंगाम आला की आमचाही हंगाम यायचा. तेव्हा घरच्या लग्नालासुद्धा सर कपाळाला आठ्या घालून रजा द्यायचे.

शैला पोखर्णीची. रोज तिथून यायची-जायची. पिशवीत नृसिंहाच्या देवळातला प्रसाद, शेतातल्या शेंगा, आईनं केलेला ठेचा, काही ना काही असायचंच, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळं ऑफिस तिच्या टेबलाभोवती. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो. मार्क माझे जास्त. हे वाक्य मी आयुष्यात किती जणांना ऐकवलं त्याला गणती नाही, आणि ते ऐकून कुणाच्या चेहऱ्यावर काही हललेलं मला आठवत नाही. शैलानं फोन उचलला की पलीकडचं तापलेलं गिऱ्हाईक थोड्या वेळात तिला भाचीच्या लग्नाची तारीख सांगायला लागायचं. मी उचलला की गिऱ्हाईक म्हणायचं, "त्या दुसऱ्या मॅडमला द्या." मी द्यायची. देताना रिसीव्हर तिच्या टेबलावर जरा आपटूनच ठेवायची.

तर काट्याचं काम माझ्याकडं आलं तेव्हा मला काय वाटलं असेल ते समजून घ्या. त्यासाठी आधी काटा समजून घ्यावा लागेल. जिनिंगच्या, गोदामाच्या दारात गाडी तोलायचा मोठा काटा असतो. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट त्यावर चढतो आणि काट्याच्या डब्यातून वायरवाटे आकडे कॉम्प्युटरकडं यायला लागतात. हे आकडे लगेच धरायचे नसतात. गाडी हलत असते, ड्रायव्हर ब्रेक मारतो, इंजिन थरथरतं, तसा आकडा वर-खाली नाचतो. तो नाचायचा थांबेपर्यंत वाट बघायची आणि मग ठरलेलं वजन तेवढं पुढं द्यायचं. एवढंसं काम, पण आम्ही ते प्रत्येक गिऱ्हाइकाकडं नव्यानं लिहायचो आणि नव्यानं चुकायचो. म्हणून सर म्हणाले, "विजया, काट्याची एकच लायब्ररी कर. सगळ्या प्रोग्रॅममध्ये तीच घालू."

आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. एकदा लिहून ठेवलेलं आणि कितीही प्रोग्रॅमच्या पोटात घालता येईल असं कोड म्हणजे लायब्ररी. ती स्वतः दुकान मांडून बसत नाही. ज्या प्रोग्रॅमनं बोलावलं त्याच्यासाठी राबते. मला वाटलं, आता जिल्ह्यात जिथं जिथं काटा, तिथं तिथं माझं कोड. शैला गोड बोलते, बोलू दे. फोन ठेवला की बोलणं संपतं, कोड मात्र चालत राहतं. खूप दिवसांनी मी जिना चढताना गुणगुणले.

आता लॉगिंग म्हणजे काय ते सांगते. कंटाळू नका, पुढचं सगळं भांडण त्यावरूनच आहे. प्रोग्रॅम चालू असताना तो काय करतोय याच्या ओळी कुठंतरी लिहीत राहतो. काटा जोडला, वजन आलं, वायर निघाली. काही ओळी बारीकसारीक असतात, काही गंभीर. बिघाड झाला की आम्ही त्या ओळी वाचून दुखणं ओळखतो. या लिहीत राहण्याला लॉगिंग म्हणतात. प्रोग्रॅमनं ते कसं करावं याबद्दल कुणाचा वाद नसतो. पण प्रोग्रॅमच्या पोटातल्या लायब्ररीनं ते कसं करावं, यावरून चांगली शिकलेली माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी होतात.

माझ्यापुरता हा प्रश्न मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सुटलेला होता. माझे वडील आडतीवर कारकून होते, लहानपणी मी तिथं पोत्यांवर बसून असायची. मापाडी पोतं तोलतो आणि वजन मोठ्यानं पुकारतो. मुनीम ऐकतो आणि लिहून घेतो. कुठं लिहायचं, काय लिहायचं, काय सोडून द्यायचं, हे मुनीम ठरवतो. मापाड्यानं फक्त पुकारायचं. उद्या मापाड्यानं मुनिमाची वही हिसकून स्वतःच लिहायला घेतलं, तर त्या दुकानाचा हिशेब कधी बसणार नाही. लायब्ररी म्हणजे मापाडी. तिनं आपल्या नावानं पुकारावं आणि ऐकणारं कुणी नसेल तर निमूट राहावं. तिचं कुठलं बोलणं फाइलीत जायचं आणि कुठलं स्क्रीनवर, हे बोलावणारा प्रोग्रॅम ठरवील. माझ्या लायब्ररीत मी हेच केलं. तिला स्वतःचं नाव दिलं. कुणी काही ठरवलं नसेल तर गप्प बसायचं, अशी एक ओळ घातली. सोबत माहिती लिहून ठेवली की ओळी हव्या असतील तर या नावानं मागून घ्या, आपोआप काही मिळणार नाही. ते कोड मी आजही कुणालाही दाखवायला तयार आहे. बघायला कुणी येत नाही हा भाग वेगळा.

लायब्ररी पहिल्यांदा घातली ती चुडाव्याच्या एका गोदामात. मालक बालाजीशेठ, हळद आणि सोयाबीन साठवायचे. मी पॅसेंजरनं गेले, प्रोग्रॅम बसवला, ट्रॅक्टर तोलून दाखवले, स्टेशनावर चहा घेतला आणि परत आले. दुसऱ्या दिवशी शेठचा फोन.

"मॅडम, तुमचा प्रोग्रॅम मेलाय का जिता हाय?"

"का? वजन येत नाही का?"

"यायलंय की. पावती बी निघायली."

"मग?"

"मग मधी काय करायलाय त्येचा पत्ता लागंना. गाडी चढली की नुसतं गप. मला वाटतंय झोपला. मग एकदम पावती. जुना कसा, लय बडबड करायचा. काम चालू हाय म्हणून कळायचं तरी."

मी त्यांना समजावलं की काम नीट चाललंय म्हणूनच तो गप्प आहे. बिघडलं तर बोलेल. शेठ म्हणाले, "आमच्या घरातली मंडळी गप बसली तर मी घाबरतो, आन् तुमी म्हणताव हे चांगलं हाय."

सर हसले. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, शेठच्या समाधानासाठी प्रोग्रॅममध्ये एक ओळ दाखवते, लायब्ररीला हात लावणार नाही. पुन्हा चुडाव्याला गेले. मी शेठची समजूत काढत तिथं बसलेली असताना, इकडं जिंतूरच्या एका जिनिंगनं काटा बदलला आणि सरांनी शैलाला तिकडं पाठवलं.

त्या जिनिंगचा मुख्य प्रोग्रॅम माझा होता. नवा काटा वेगळ्या कंपनीचा होता आणि माझ्या लायब्ररीला त्याचे आकडे अजून वाचता येत नव्हते. माझी वाट बघायची सोडून शैलानं तिथंच स्वतःची लायब्ररी लिहिली आणि माझ्या प्रोग्रॅमच्या पोटात घालून टाकली. तिची लायब्ररी बोलकी होती. गाडी चढली की येणारा प्रत्येक आकडा, प्रत्येक हेलकावा ती स्क्रीनवर ओतायची, तोही हिरव्यागार रंगात. मॅनेजर रज्जाकभाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी एक मोठा टीव्ही आणून काट्याच्या खोलीच्या खिडकीशेजारी, बाहेर तोंड करून लावला. शेतकरी ट्रॉलीवरून उतरून बघायला लागले. आकडे डोळ्यांसमोर पळतात, लपवाछपवी काही नाही, म्हणून त्या जिनिंगची गावोगाव वाहवा झाली. लोक वाट वाकडी करून तिथं कापूस आणायला लागले.

सर पेढे घेऊन आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "आता सगळीकडं शैलाचीच लायब्ररी घालायची. चुडाव्यालासुद्धा." मी पेढा घेतला आणि तो न खाताच कागदात गुंडाळून खणात टाकला. ज्या कामावर मी महिनोन्महिने घासत बसले होते, ते एका घोषणेत गेलं होतं. मला शैलाचा त्या क्षणी इतका राग आला की तिच्या वेणीतला गजरासुद्धा मला मुद्दाम माळलेला वाटला.

राग आला म्हणून मी तिचं कोड उघडून वाचलं. चूक सापडावी अशी इच्छा धरूनच वाचलं, आणि सापडली. शैलाची लायब्ररी नुसती बोलत नव्हती. चालू होताच ती आख्ख्या प्रोग्रॅमचं लॉगिंग आपल्या ताब्यात घेत होती. मुख्य प्रोग्रॅमनं आधी काय ठरवलं होतं ते पुसायची आणि बारीकातली बारीक ओळही स्क्रीनवरच टाका, असा हुकूम सोडायची. मापाड्यानं मुनिमाची वही हिसकली होती.

मी तिच्या टेबलाशी गेले. "शैला, हे लायब्ररीत का ठरवलंस? हे ठरवणं प्रोग्रॅमचं काम आहे."

"अगं, पण लोकांना दिसायलंय की."

"दिसायचं की नाही ते जिनिंगवाल्यांनी ठरवावं. तू नाही."

"बरं बाई. कुणाला नको असंल तर काढू मग." आणि तिनं माझ्यापुढं शेंगा सरकवल्या.

मी सरांकडं गेले. तेच सांगितलं, जरा वरच्या पट्टीत. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विजया, कुणाचं चांगलं झालं तर चांगलं म्हणावं." मी बरोबर होते आणि मी जळतही होते. दोन्ही एकाच तोंडातून एकदम बाहेर आलं आणि सरांना त्यातलं एकच ओळखू आलं. शैलासारखं हसत हसत सांगितलं असतं तर त्यांनी नक्की ऐकलं असतं. पण तसं हसता येत असतं तर मला जळायची गरजच काय होती?

कापसाची गर्दी सुरू झाली आणि एका सकाळी रज्जाकभाईंचा फोन आला. लोकांनी काटा बंद पाडला होता. ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर गेली होती. "दोघी बी या," ते म्हणाले, "आन् लवकर या." सरांनी आम्हाला एसटीत बसवून दिलं. शैला गंभीर होती. मी चेहरा गंभीर केला होता, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. खिडकीबाहेर कापसानं पांढरी झालेली शेतं जात होती आणि मी मनातल्या मनात, मी तेव्हाच म्हटलं होतं, हे वाक्य वेगवेगळ्या चालींत म्हणून बघत होते.

जिनिंगच्या फाटकाशी गंगाधर नावाचे एक शेतकरी मोबाइल घेऊन उभे होते आणि त्यांच्या मागं पन्नाससाठ माणसं. त्यांची भरलेली ट्रॉली बाजूला लावलेली होती. तोलून झाली होती, पण ते रिकामी करायला तयार नव्हते.

"बाई, हे बघा," त्यांनी मोबाइल माझ्या नाकाशी धरला. "ह्यो माझा ट्रॅक्टर. ह्यो तुमचा टीव्ही. आकडा वाचा."

मी वाचला.

"आता ही पावती. ही बी वाचा."

पावतीवरचा आकडा लहान होता.

"मधला कापूस कुणी खाल्ला?"

"कुणी खाल्ला?" मागून सगळे ओरडले.

काय झालं होतं ते मला बघताक्षणी कळलं. ट्रॅक्टर काट्यावर चढला, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, त्या धक्क्यानं आकडा क्षणभर उंच गेला आणि परत खाली येऊन थांबला. गंगाधररावांनी सगळ्याचा व्हिडिओ काढला होता आणि तो बरोबर त्या उंच आकड्यावर थांबवला होता. मग हे गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलं. बघता बघता सगळ्यांनाच युक्ती सापडली. प्रत्येक जण आपला व्हिडिओ काढायचा, सगळ्यात मोठ्या आकड्यावर थांबवायचा आणि तेच आपलं खरं वजन धरायचा. इतका नामी शोध दुसरीकडं कुठं लागला असेल असं मला वाटत नाही. त्यांना दोष तरी काय द्यायचा? आकडे आम्हीच दाखवले होते.

रज्जाकभाई मला हाताला धरल्यासारखे आत घेऊन गेले. "मॅडम, आधी तो टीव्ही गप करा. आन् कालच्या वजनांची तुमची फाइल काढा. काल माल टाकून गेलेले बी परत आलेत, त्यांना दाखवून टाकू."

फाइल हा माझा अभिमानाचा विषय होता. काटा थांबल्यावरचं प्रत्येक वजन, वेळेसकट, माझा प्रोग्रॅम तिथं लिहायचा. मी फाइल उघडली. शैलाची लायब्ररी बसली त्या दिवसापर्यंत ओळी नीट होत्या. त्यानंतर कोरी. सगळं लिहिणं तिच्या लायब्ररीनं स्क्रीनकडं वळवलं होतं आणि स्क्रीनवरून ते वाहून गेलं होतं.

रज्जाकभाई फाइलीकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागले. "तुमच्या प्रोग्रॅमनं काहीच लिहिलं न्हाई?"

माझ्या प्रोग्रॅमनं! मी म्हटलं, "हे तिच्या लायब्ररीमुळं झालंय."

"ते तुमचं तुमी बघा. आमी तर तुमचा प्रोग्रॅम घेतलाय. आज खरेदी बंद झाली तर हे लोक उद्या दुसऱ्या जिनिंगला जातील, आन् मी काय सांगू मालकाला? विजयाबाईंच्या फाइलीत काय बी न्हाई म्हणून?"

वाहवा झाली तेव्हा लायब्ररी शैलाची होती आणि गोंधळ झाला तेव्हा प्रोग्रॅम माझा होता. मी खुर्ची ओढून बसले आणि तिचं कोड उघडलं. चालू प्रोग्रॅम तसाच ठेवला, कारण तो बंद केला असता तर बाहेर आणखी बोंब झाली असती. आकडे दाखवायचं बंद कर, असं माझ्या प्रोग्रॅममधून सांगून काही उपयोग नव्हता. लायब्ररी उठली की पुन्हा सगळं मोकळं सोडायची. मुळातूनच त्या ओळी काढायला हव्या होत्या. मी एकेक ओळ काढत गेले. ताबा घेणारी, हुकूम सोडणारी, रंग देणारी. त्या जागी माझी ती गप्प बसायची ओळ घातली.

तेवढ्यात बाहेर हशा पिकला. मी मान वर करून खिडकीतून पाहिलं तर शैला काट्यावर उभी. एकटी. पदर खोचलेला.

"मी उभी हाय. टीव्हीवर किती दिसायलंय?" ती ओरडली. कुणीतरी आकडा वाचला. "आता बघा हं." आणि तिनं उडी मारली. धप्प करून खाली आली तसा आकडा भलताच वर गेला.

"आता सांगा, एका उडीत मी एवढी जाड झाले का?"

माणसं हसायला लागली. एक म्हातारबाबा म्हणाले, "तू न्हाई जाड झालीस बाई, काटा येडा झालाय."

"काटा येडा न्हाई बाबा, मी येडी. काटा थांबायच्या आधीचे आकडे मी दाखवायलाच नको होते. ट्रॅक्टरनं ब्रेक मारला की कापूस वाढतोय व्हय? चूक माझी हाय. ह्या विजूनं मला सांगितलं होतं, मीच ऐकलं न्हाई."

सगळ्यांनी वळून खिडकीकडं पाहिलं. मी चष्मा नाकावर आणून कीबोर्डवर वाकलेली होते. त्यांनी मला पाहिलं, आणि पुन्हा शैलाकडं वळले.

दुरुस्त झालेला प्रोग्रॅम मी चालू केला. बाहेरचा टीव्ही काळा झाला. गंगाधररावांची ट्रॉली हळू चढवायला सांगितली, इंजिन बंद करायला लावलं. टीव्हीवर एकच आकडा उमटला, जिनिंगचे मापाडी सटवाजीमामा यांनी तो खड्या आवाजात पुकारला, आणि माझ्या फाइलीत तो उतरला. पावतीवर होता तोच. गंगाधररावांनी बराच वेळ पावती न्याहाळली. मग म्हणाले, "बरं. घ्या रिकामी करून." रांग हलली. जाताना त्यांनी ट्रॅक्टरच्या सीटखालून बोरांची पिशवी काढली आणि शैलाच्या हातात दिली. "उडी लय भारी मारली बाई," म्हणाले.

ज्यांनी आदल्या दिवशी माल टाकला होता त्यांच्यासाठी मात्र माझ्याकडं काही नव्हतं. त्यांच्या वजनाच्या ओळी कुठंच लिहिल्या गेल्या नव्हत्या. पावतीवर विश्वास ठेवा, एवढंच रज्जाकभाई त्यांना सांगू शकले. काही जण ठेवून गेले, काही जण नुसतेच गेले. त्यांच्या मनात राहिलेली शंका अजून तशीच असेल, आणि नोकरीतलं एवढं एक मला अजून खुपतं.

परतीच्या एसटीत शैला माझ्या शेजारी बसली होती. मी अजून धुमसत होते. मनात सरांपुढं करायचं भाषण तयार होतं. पुराव्यासकट, फाइलीसकट, मुद्देसूद. एवढ्यात तीच म्हणाली, "विजू, आता सगळीकडं तुझीच लायब्ररी घालू. सरांना मी सांगते."

भाषण बाजूला ठेवून मी विचारलं, "आणि तुझी?"

"माझी काय? ती मी जिंतूरला एका दुपारी लिहिली. रज्जाकभाई जेवायला गेले होते, ते येईस्तोवर झाली बी." तिनं एक बोर तोंडात टाकलं. "तू काय एवढा विचार करायलीस? घे, गोड हायत."

मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपली. मी आख्खा हंगाम जिच्याशी शर्यत लावून पळत होते, ती पळतच नव्हती. तिला कुणी शर्यतीचं सांगितलंही नव्हतं. बोरं खरंच गोड होती, आणि त्याचाही मला राग आला.

तिनं सरांना सांगितलं. माझी लायब्ररी सगळीकडं गेली. जिंतूर, चुडावा, पूर्णा, मानवत, पाथरी. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. बालाजीशेठसाठी मी प्रोग्रॅममध्ये "वजन चालू आहे, थांबा" अशी ओळ दाखवली तेव्हा शेठनी आपणहून फोन करून सांगितलं की आता जीव आला त्याच्यात. लायब्ररी अजून चालते. नवी मुलं ती न उघडता वापरतात, कारण उघडावं असं तिच्यात काही बिघडत नाही.

काही वर्षांनी शैलानं नोकरी सोडली. नवऱ्याचं नांदेडला कापडाचं दुकान आहे, ते ती बघते. मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाला मुद्दाम आली, सगळ्यांसाठी शेंगा घेऊन. सरांनी भाषण केलं. विजयाताईंची शिस्त, विजयाताईंचं अचूक काम, असं थोडं बोलून झाल्यावर ते जिंतूरवर आले, आणि उरलेलं भाषण शैलाच्या उडीवर केलं. लोक पोट धरून हसले. शाल माझ्या खांद्यावर होती.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा परवा तिला फोन केला. तुझ्याबद्दल लिहितेय, चालेल ना, असं विचारलं. "लिही की," ती म्हणाली, "माझी काय परवानगी काढायलीस?" मागं गिऱ्हाइकांचा आवाज येत होता. कुणाला तरी साडी दाखवायला सांगून ती पुन्हा फोनवर आली. मग जे इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"शैले, तुला कधी माझा हेवा वाटला का गं?"

मी तिला ओळखते, उगाच बरं वाटावं म्हणून काही बोलणार नाही. ती खरोखर आठवून बघत होती.

"तुझा?" ती म्हणाली. "न्हाई गं. कशाचा?"

तो टोमणा असता तर मी आनंदानं भांडले असते. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं आणि ती माझ्या उत्तरासाठी फोन कानाला लावून थांबली होती.